मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

मित्रांनो, माझं वय झालंय हे मला कुणी सांगायला नको. मी स्टीलचा मिसळणाचा डबा आहे. गोल, बसका, आत सात वाट्या, वर एक ताटली आणि तिच्यावर घट्ट बसणारं झाकण. घट्ट बसणारं असं मी जुन्या सवयीने म्हणतो. आता ते एका बाजूने उचललं गेलंय आणि तीन वर्षांच्या मुलालाही सहज उघडता येतं. मी सांगणार आहे ती हकिकत त्या मुलाची आहे आणि त्याच्या आजीची.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, साच्यात दाबला, कडा वळवल्या, आणि पॉलिशच्या चाकावर असा काही घासला की माझं मलाच तोंड दिसायला लागलं. सांगलीच्या भांड्यांच्या दुकानातून मला उषाच्या वडिलांनी तिच्या रुखवतासाठी घेतलं. दुकानदाराने तिथल्या तिथे माझ्या बुडाशी नाव घातलं, ‘सौ. उषा गजानन मुतालिक’. तेव्हा ती खरं तर सौभाग्यवती व्हायची होती, चार दिवस बाकी होते. पण भांड्यावर आधी नाव आणि मग लग्न, अशीच रीत होती.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथ्या आणि मधल्या वाटीत गोडा मसाला. त्या घरात माझ्याशिवाय एक भाजी फोडणीला पडली नाही. उषा न बघता हात घालायची आणि बरोबर त्याच वाटीतून चिमूट उचलायची. पाहुणे जेवून उठले की म्हणायचे, “वहिनी, आमटी काय झाली होती!” वहिनी लाजून म्हणायच्या, “छे, नेहमीचीच.” माझं नाव कुणी घेत नसे. मीही ते मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

गजाननराव गेले आणि घरातली फोडणी बंद झाली. उषा दूधपोळी खायची, तीही कुणी शेजारीण समोर बसली तर. बाकी वेळ ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. तिला रडूही येत नसे. माझ्या मोहरीला जाळी धरली, तिखटाचा रंग उडाला, तरी झाकण उघडलं नाही. लोक म्हणत, दुःख आहे, ओसरेल. ते ओसरलं नाही. शेवटी एके दिवशी ती कुणाला न सांगता मिरजेच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की हा आजार आहे, याचं नाव डिप्रेशन आणि यावर औषध आहे. रोज एक गोळी.

महिना गेला असेल. एका सकाळी झाकण उघडलं. उषाने जुनं सगळं टाकून दिलं, मला चिंचेने घासलं, नवी मोहरी भरली आणि पडवळाची भाजी केली. मला किती आनंद झाला ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. त्या गोळीने माझी उषा परत आणली होती. म्हणून पुढे जे घडलं त्यासाठी त्या गोळीला कुणी शिव्या दिल्या की माझ्या जिवाला लागतं.

पण तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पोटच्या मुलालाही नाही. तिच्या माहेरी एका आत्याला अशीच औषधं चालू होती, आणि तिला सगळे ‘वेडी आत्या’ म्हणत. उषाही लहानपणी म्हणत असे.

मुलगा पराग कस्टम्समध्ये नोकरीला. त्याची बदली कलकत्त्याला झाली, ऑफिस खिदिरपूरला आणि बिऱ्हाड बेहालाला, मेट्रोच्या पुलाशेजारच्या एका इमारतीत. आई सांगलीला एकटी नको म्हणून तो तिला घेऊन आला, आणि तिच्या ट्रंकेतून मी आलो. इथलं स्वयंपाकघर सुनेचं, वृषालीचं. तिच्याकडे एकसारख्या काचेच्या बाटल्यांची रांग आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. वृषाली वाईट मुळीच नाही. ती म्हणाली, “आई, तुमचा डबा तुमच्या खोलीत ठेवू या का? इथे ओट्यावर जागाच नाही.” उषा हो म्हणाली. तिथे माझी नोकरी सुटली.

नवं काम मला उषाने शोधून दिलं. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर औषधाचं नाव छापलेलं असतं. परागला दिसेल ते वाचायची आणि मोबाइलवर शोधायची खोड. तेव्हा उषा खोलीचं दार लोटून पाकिटातल्या गोळ्या बाहेर काढायची, एकेक माझ्या वाट्यांत टाकायची, सोमवारची, मंगळवारची, अशा सात. नावाचा कागद कात्रीने बारीक करून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून कचऱ्यात. मला त्याचं नवल वाटायचं. साध्या डब्यावर नाव कोरून घेणारी माणसं, आणि औषधाचं नाव मात्र कातरून टाकत होती.

एकदा वृषालीने विचारलंच. “आई, या कसल्या हो गोळ्या?”

“ब-जीवनसत्त्वाच्या. पायात गोळे येतात ना माझ्या.”

“मग दुधाबरोबर घेत जा.” एवढं बोलून ती शिकवणीला बसली. ती घरूनच कॉम्प्युटरवर मुलांना गणित शिकवते.

आता अर्णवबद्दल सांगतो. तो परागचा मुलगा. पोर इथेच मोठं झालेलं. कामाला येणाऱ्या मासीशी घडाघडा बांगला बोलतो आणि घरात मोडकंतोडकं मराठी. मासीने काही चघळायला दिलं की ते ‘लजेन्स’. ताप आल्यावर पाजतात ते ‘ओषुध’. आणि गोळी? ती फक्त आजीकडे मिळते. जेवण संपवलं की उषा त्याला बरणीतून लिमलेटची गोळी देई. त्याच्या मराठीत गोळीला दुसरा अर्थच नव्हता. एकदा त्याने माझ्या वाटीकडे बोट दाखवून विचारलं, “ही कोणाची?” उषा म्हणाली, “हात नाही लावायचा हं, ही आजीची गोळी.” बिचाऱ्याने त्याचा अर्थ एवढाच घेतला की आजीकडे याहून चांगली गोळी आहे आणि ती एकटीच खाते.

त्या सोमवारी मासी आली नव्हती. वृषाली शिकवत होती. उषाचा दुपारी जरा डोळा लागला होता. अर्णव खुर्चीवर चढला, त्याने मला फळीवरून खाली ओढलं, आणि झाकण एका प्रयत्नात निघालं. गोळ्या लहान, चकचकीत, वरून गोड मुलामा असलेल्या. तो मांडी घालून बसला आणि शहाण्यासारखा कडेने एकेक वाटी रिकामी करत गेला. मधल्या वाटीपर्यंत येता येता बहुतेक आतला कडूपणा जिभेला लागला असावा. तोंड वाकडं करून तो थांबला. ती एक गोळी तेवढी राहिली.

शिकवणी संपवून वृषाली आली तेव्हा तो फरशीवर बसून माझ्या ताटलीवर चमचा वाजवत होता. रिकाम्या वाट्या बघून ती ओरडली, “आई! याने तुमच्या गोळ्या खाल्ल्यात! कसल्या होत्या त्या?”

उषा धडपडत उठली. तिने माझ्याकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. तोंडून सवयीचंच वाक्य बाहेर पडलं. “ब-जीवनसत्त्वाच्या.”

वृषालीने सुस्कारा सोडला. समोरच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू या. वृषालीने परागला फोन लावला. तो म्हणाला, “काही पाजू नकोस, घशात बोटं घालू नकोस. व्हिटॅमिन असलं तरी डॉक्टरला दाखव. मी परस्पर तिकडे पोचतो.” मित्रांनो, हे त्याने फार बरोबर केलं. गुंगीत असलेल्या मुलाला ओकवलं तर ते सगळं श्वासनळीत जाऊ शकतं.

कारण गुंगी यायला लागली होती. वृषाली पर्स शोधत होती तेवढ्यात अर्णवचा तोल गेला. गाल लालबुंद, अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. ओठ कोरडे पडले. तो हवेतलं काहीतरी पकडायला हात करत होता आणि मासीचं नाव घेत होता. वृषालीने त्याला उचललं, डॉक्टर विचारतील म्हणून मला काखोटीला मारलं, आणि खाली धावली. उषा मागून चपला न घालता आली.

टॅक्सीत उषा पुढच्या सीटवर होती. ती एकदाही मागे वळली नाही. वृषाली तिला म्हणत होती, “आई, व्हिटॅमिनने असं होतं का हो? सांगा ना, होतं का?” उषाच्या ओठांची हालचाल मला आरशात दिसत होती. आवाज येत नव्हता.

हॉस्पिटलच्या दारात वृषाली ओरडली, “बच्चे ने गोली खा ली!” दारावरचा माणूस दचकला. “गुली? कोथाय लेगेछे?” म्हणत तो अर्णवच्या अंगावर रक्त शोधायला लागला. इथे गुली म्हणजे बंदुकीची गोळी. वृषालीला रडू फुटलं. मग तिने माझं झाकण काढून ती उरलेली गोळी त्याच्यासमोर धरली, तेव्हा कुठे त्याला समजलं आणि त्याने आम्हाला आत पळवलं.

आतल्या डॉक्टर तरुण होत्या. गळ्यात नावाची पट्टी होती, पण ती माझ्याकडे पाठ करून लोंबत होती. त्यांनी मला बाजूच्या टेबलावर ठेवलं, म्हणून मला सगळं दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं. अर्णवला पलंगावर निजवलं. नाकातोंडावर ऑक्सिजन. छोट्याशा हातात शीर सापडेना, दोन-तीनदा टोचलं, तो रडलाही नाही. छातीवर चिकटपट्ट्या लावल्या आणि हृदयाची रेघ पडद्यावर धावू लागली.

“क्या खाया है?”

“विटामिन. मेरी सास का.”

डॉक्टरांनी बॅटरीने त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, उजेडाला दाद देत नव्हत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे उभे अरुंद टोकदार डोंगर दिसायला हवे होते. दिसत होते ते पसरट, एकमेकांना खेटलेले. त्या म्हणाल्या, “ये विटामिन नहीं है. पत्ता कहाँ है दवा का?”

पत्ता म्हणजे गोळ्यांचं पाकीट. ते नव्हतंच. त्याचे बारीक तुकडे केव्हाच कचऱ्याच्या गाडीतून गेले होते. डॉक्टरांनी ती गोळी चिमटीत धरून उलटसुलट केली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. हृदयाची औषधं असतात, फिटची असतात, मलेरियाची असतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. त्या काही नावं पुटपुटत होत्या. तेवढ्यात अर्णवचं अंग ताठ झालं, डोळे फिरले आणि हातपाय झटके देऊ लागले. “सीजर!” कुणीतरी ओरडलं, म्हणजे फिट. इंजेक्शन भरलं गेलं. वृषाली भिंतीला टेकून खाली बसली.

त्याच वेळी पराग धापा टाकत आत आला. त्याच्या मागे दारात उषा उभी होती.

डॉक्टर वळल्या. “माजी, ये आपकी दवा है ना? किस चीज़ की है? सच बताइए, नहीं तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी.”

उषाने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. ती परागकडे पाहत होती. आयुष्यभर जिच्या हातची आमटी खाल्ली ती आई त्याला शेवटची दिसत असावी, अशा तऱ्हेने ती त्याच्याकडे पाहत होती.

“डिप्रेशनची आहे,” ती मराठीत म्हणाली. “बाबा गेल्यापासून घेते मी. व्हिटॅमिन नाही रे ते. मी खोटं बोलले.” आणि तिने औषधाचं नाव सांगितलं. प्रत्येक पाकीट कापताना वाचलेलं, त्यामुळे तोंडपाठ होतं.

डॉक्टरांना मराठी समजलं नव्हतं, उषा इतकं हळू बोलली की नावही त्यांना ऐकू गेलं नव्हतं, वृषाली भिंतीशी बसून रडत होती, पडद्यावरची रेघ आणखी पसरत होती, आणि ते वाक्य दुसऱ्या भाषेत सांगणारा पराग एकटाच होता. तो म्हणाला, “ये... मेरी माँ की डिप्रेशन की दवा है.” आणि नाव सांगितलं.

मोठे डॉक्टर आले. “बाइकार्ब!” असा पुकारा झाला. मित्रांनो, तुम्हाला गंमत वाटेल, पण हा बाइकार्ब म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याचाच जातभाई. सोड्याची बरणी सांगलीला माझ्या शेजारीच असायची. पण हा निर्जंतुक केलेला, मोजून शिरेतून द्यायचा असतो, तोही हृदयाच्या रेघेवर डोळा ठेवून. घरी कुणी सोडा कालवून पाजायचा वेडेपणा करू नका. ही जुन्या पद्धतीची गोळी हृदयातल्या विजेची वाट अडवते, आणि हे औषध ती मोकळी करतं, असं मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना सांगत होते. पोट धुवायची वेळ निघून गेली होती. घशात नळी घातली, श्वास यंत्राने सुरू केला. इंजेक्शन गेलं, आणि पडद्यावरचे डोंगर जरा अरुंद झाले. पुन्हा पसरले. पुन्हा इंजेक्शन. तरुण डॉक्टर पडद्यावरून नजर न काढता उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम नर्स पुसत होती.

अर्णवला अतिदक्षता विभागात नेलं. मला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परागच्या हातात दिलं. पुढचे दिवस मी त्या पिशवीत बाकाखाली काढले. पराग जेवत नव्हता. वृषाली काचेतून आत बघत असे. उषा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसे, मधे तीन माणसांची जागा मोकळी. त्या जागेवर कुणी येऊन बसलं नाही.

पोर वाचलं. यंत्र काढलं, आवाज घोगरा झाला होता, पण त्याने मासीची चौकशी केली आणि पाणी मागितलं. वृषाली हमसून हमसून रडली. इथे ही गोष्ट संपली असती तर मी आनंदाने झाकण लावून घेतलं असतं.

घरी सोडताना तरुण डॉक्टर बाहेर आल्या. पिशवीतला मी तेव्हा परागच्या हातात होतो. त्या त्याला म्हणाल्या, “दादी को दोष मत दीजिए. नाम उन्होंने बताया, इसलिए हम वक़्त पर कर पाए. और उनकी दवा अचानक बंद मत कीजिएगा, उनके लिए वो ज़रूरी है. डॉक्टर को दिखाकर कोई दूसरी दवा भी मिल सकती है. बस पत्ते में रखिए, ताले में.”

“हाँ, हाँ,” पराग म्हणाला.

उषा लांब बाकावर बसली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे हात केलेला तिने पाहिला होता. तिने विचारलं, “काय म्हणाल्या रे त्या माझ्याबद्दल?”

“काही नाही. चल.”

घरी आल्यावर त्याने तिच्या ट्रंकेतली राहिलेली पाकिटं काढली आणि खाली कचऱ्याच्या गाडीत टाकून आला. “हे विष पुन्हा या घरात दिसता कामा नये,” तो म्हणाला. मग तो तिच्यासमोर येऊन बसला. “एवढं काय कमी पडलं तुला इथे, आई? आम्ही काय कमी केलं?”

“काही नाही रे,” उषा म्हणाली. “तुम्ही काही कमी नाही केलंत.”

मला परागचा राग येतो आणि लगेच कीवही येते. त्याने मुलाला झटके येताना पाहिलंय. त्याला त्या गोळीत दुसरं काही दिसत नाही. वृषाली उषाशी चांगलं वागते, ताट वाढून खोलीत आणते. पण डॉक्टर बोलल्या तेव्हा ती आत अर्णवचे कपडे बदलत होती. तिला ते वाक्य माहीतच नाही.

मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. उषाने देऊ दिलं नाही. मी रिकामा तिच्या उशाशी असतो. गोळी बंद झाल्यावर तिला आधी चक्कर येई, मळमळे, झोप उडाली. आता ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. रडत नाही. सांगलीचे ते दिवस मी पाहिलेत, मला पुढचं दिसतंय. ती समजते की औषध बंद झालं ते बरंच झालं, ही तिची शिक्षा आहे, आणि डॉक्टरही तेच म्हणाल्या असणार.

मित्रांनो, औषधं त्यांच्याच पाकिटात ठेवा, उंच आणि कुलपात. लहान मुलांसमोर औषधाला गोळी म्हणताना विचार करा. हे मी सांगायलाच हवं, आणि तुम्ही ऐकालही. पण माझी खरी विनवणी निराळी आहे. तुमच्या घरात कुणी असं पडून असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. आजाराचं नाव मोठ्याने घ्या. औषध घेतलंस का, असं विचारा, जसं रक्तदाबाचं विचारता तसं. आणि डॉक्टरांनी त्याच्यासाठी काही सांगितलं असेल, तर ते त्याच दिवशी त्याच्यापर्यंत पोचवा. मला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ आहे. उषाचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर आहे. आणि तिला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.